आत्याचा अंगठा

माणसाच्या चेहऱ्याआधी त्याच्या तळहाताशी ओळख करून घेणारी माझ्या आत्यासारखी दुसरी बाई जगात नसावी. बाबांची ही मावसबहीण माहेरची देवळ्याची. लग्न होऊन पंचवटीत आली आणि काका गेल्यावर तिथल्याच दोन खोल्यांत एकटी राहते. कुठल्याशा शिबिरात ती ॲक्युप्रेशर शिकली आणि तेव्हापासून तिच्यासमोर आलेला हात दाबल्याशिवाय परत गेला नाही. डोकेदुखी, पित्त, उडालेली झोप, सगळ्यांची बटणं तिच्या मते तळहातावर आणि तळपायावर आहेत. डॉक्टरांशी मात्र तिचं भांडण नाही. "गोळी घ्यायचीच. गोळी आतून, मी बाहेरून!"

मला कुणी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मी आक्रसते. त्यामुळे आत्याबरोबर बाहेर पडायचं म्हणजे मला संकटच वाटतं. एकदा शेअर रिक्षात शेजारचा अनोळखी तरुण पोट धरून कण्हला. आत्याने सरळ त्याचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. मी घाईने बाहेर बघू लागले. त्याला वाटलं, बाई हात बघतात.

"मावशी, नोकरी लागंल का?" त्याने आशेने विचारलं.

"नोकरीचं नाय सांगता येत. पण सांजपर्यंत गॅस मोकळा होईल."

सगळी रिक्षा हसली. सिग्नलला रिक्षावाल्याने मागे न बघताच आपलाही हात मागे केला.

लग्नात ती आहेर म्हणून खाचांचा लाकडी रूळ देते. तळपायाखाली फिरवायचा. एका नव्या सुनेने त्यानेच महिनाभर पोळ्या लाटल्या. "नक्षी छान उठते हो," असं वर कौतुकाने सांगितलंसुद्धा.

पण खरी हादरले ती विंचूरची मंडळी मला पाहायला आली तेव्हा. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर येते तो आत्या मुलाच्या आईच्या अंगठ्यामागचा मऊ भाग चिमटीत धरून बसलेली.

"आई गं!" त्या किंचाळल्या. मुलाचे वडील ताडकन उठले. बाबांचा चेहरा पांढराफटक.

"सकाळपासून डोकं धरलंय ना?" आत्या शांतपणे म्हणाली.

मग त्या बाईंनी डोळे मिटले. "उतरतंय हो. आता हा हात घ्या."

मुलगा मला काही विचारणार, तेवढ्यात आत्याने त्याला मोजे काढायला लावले. ते स्थळ गेलं. त्या बाई मात्र अजूनही आत्याकडे येतात.

येत होत्या, म्हणायला हवं. या थंडीत आत्याचाच उजवा अंगठा सुजला. सांधा झिजलाय, दाबणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेले, तेव्हा अंगठ्याला पट्टा बांधून ती नुसती बसली होती. शेजारीण आली, दारातूनच "बरं आहे ना?" म्हणून निघून गेली.

"बघ, आता दारातूनच बोलतात," आत्या म्हणाली. "हात द्यायला कारण नाय उरलं."

"आराम पडेल आत्या, मग पुन्हा..."

"तुझे काका गेले ना, तेव्हा आठ-आठ दिवस कुणाचा हात लागत नसायचा गं अंगाला. म्हणून तर शिबिरात नाव घातलं."

आत्याने मला आजवर कितीतरी धक्के दिले, पण असा नाही. मी उठून तिच्याजवळ सरकले आणि तिचा डावा हात हातात घेतला. तो गार होता, खडबडीत होता.

"कुठे दाबू?"

"कुठं पण दाब," ती म्हणाली. "घाई नाय ना तुला?"