मी सांगितलं, वैशालीनं लिहिलं

ओल्या शेवंतीचा वास आला की मला अजूनही वैशालीचा राग येतो.

अकोल्यात आमचं फुलांचं दुकान होतं. दुपारी मी आणि माझी मैत्रीण वैशाली एकाच इअरफोनचं एकेक टोक कानात घालून हार ओवत बसायचो. मूर्तिजापूरच्या एका पोराचं गाणं मला फोनवर सापडलं होतं. वऱ्हाडी बोल, साधी गिटार, आणि ऐकणारं कोणीच नाही. तो पोरगा म्हणजे माझाच शोध, असं मी समजायचे.

"त्याले लिही ना काहीतरी," मी वैशालीला म्हटलं, कारण माझे हात ओले होते. तिनं आपले पुसले आणि मी सांगितलं ते तिच्या फोनवरून त्या गाण्याखाली लिहिलं. हार संपायच्या आत उत्तर आलं, "वैशालीताई, तुमच्यासाठी अजून गाणे करीन."

"पाह्य, मले लिवलं त्यानं!"

"शब्द तं माहे होते."

"मंग? नाव तं माहं हाये ना!"

सुई बोटात शिरली, तरी मी पुढचं फूल ओवलं.

आता तो मोठमोठ्या स्टेजवर गातो. त्या पहिल्या गाण्याखाली वैशालीचं नाव अजून आहे. मी अधूनमधून जाऊन पाहते. हात पुसायला कितीसा वेळ लागला असता? फडकं तर माझ्याच मांडीवर होतं.