काकूंसाठीचे थांबे

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत सकाळी चालण्याचा गट सुरू करताना मी सलग अर्धा तास चालण्याचा नियम केला. निवृत्त काका मंडळी मात्र दर शंभर पावलांवर थांबत. कोणाची चौकशी करत, कोणाच्या कुंपणावरची जास्वंद न्याहाळत. मी हे थांबे बंद केले. गटाचा वेग सुधारला आणि तिसऱ्याच दिवशी समोरच्या काकू यायच्या थांबल्या. त्यांना डॉक्टरांनी रोज चालायला बजावले होते.

“अगं, त्यांना धाप लागते,” एक काका म्हणाले. “त्या सांगणार नाहीत, म्हणून आम्ही थांबायचो. तू जास्वंदीवरही बंदी घातलीस.”

वेग मोजताना मी सर्वांत हळू चालणाऱ्या व्यक्तीकडे पाहिलेच नव्हते. मी काम करते त्या प्रयोगशाळेत ही चूक मी कोणालाही माफ केली नसती.

संध्याकाळी काकूंकडे गेले. माफी मागितली असती, तर त्यांची धाप मला कळल्याचे उघड झाले असते. म्हणून म्हणाले, “मला सलग चालवत नाही, काकू. उद्यापासून थांबत थांबत चालणार आहे. सोबत याल?”

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“इतक्या तरुण वयात? आधी रक्त तपासून घे,” त्या म्हणाल्या. “येते मी. तुला एकटीला कसं सोडायचं?”