राजपाल आण्णांच्या चिठ्ठ्या

येरमाळ्यात राजपाल आण्णांना सगळे टायपिस्ट म्हणूनच ओळखतात. कळंबच्या कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून त्यांनी जन्मभर लोकांची प्रतिज्ञापत्रं बडवली. बडवली हाच शब्द बरोबर, कारण खाली कार्बन लावले की शेवटच्या प्रतीवर अक्षर उमटायला बोटात पैलवानाचं बळ लागतं. पुढं टाईपरायटर गेला, लोक सेतू केंद्रात जायला लागले आणि आण्णा घरी आले. बोटांची सवय तेवढी गेली नाही.

घरी त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं ते मुलीनं, चैतालीनं. पुण्यात नोकरी लागल्यावर तिनं एक जुना कॉम्प्युटर आणला, विंडोज त्याला झेपेना म्हणून लिनक्स टाकलं आणि सुट्टीत शेजारी बसून बापाला त्यातलं लिहाय-छापायचं लिबरऑफिस शिकवलं. शिकतानाही बाप भांडायचाच. तरी ती शेजारची खुर्ची आण्णांनी अजून कुणाला उचलू दिलेली नाही.

मग चैतालीनं बेंबळीच्या शेतकरी घरातल्या कृष्णराजशी पुण्यातच नोंदणी करून लग्न केलं आणि घरी कळवलं ते नंतर. "आधी इचारलं असतं तर म्या न्हाय म्हणलं असतं का?" असं आण्णा ज्याला त्याला सांगत. न्हाय म्हटलं असतं, हे त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, पक्कं ठाऊक होतं. खरं तर आण्णांनाही होतं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद. जावयाचं नाव तर त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नाही. अगदीच वेळ आली तर "ते बेंबळीचं" एवढंच.

सुमनबाई लेकीला रोज फोन लावायच्या. तेवढ्या वेळात आण्णांना शेजारच्या खोलीत हमखास काहीतरी शोधायचं असे. दार उघडं ठेवून शोधत. सापडत काहीच नसे, पण लेक हसली की त्यांचा हात थांबायचा.

यंदा वर्षावासाची, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाची, सांगता जवळ आली. आश्विन पौर्णिमेला विहारात खीरदान असतं आणि वस्तीतल्या प्रत्येक घराला नावाची चिठ्ठी जाते. सरसकट निरोप धाडला तर रुसवेफुगवे ठरलेले. हे काम आण्णांचं. मजकूर एकच लिहायचा, त्याला नावांचा तक्ता जोडायचा, की मशीन घराघराची वेगळी चिठ्ठी छापतं. पण मध्ये हार्डडिस्क गेली, दुकानदारानं सगळं नव्यानं बसवून दिलं, आणि आता तक्ता जोडायला गेलं की पडद्यावर पाटी यायची: आवश्यक घटक सापडत नाही. आण्णांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायरी काढून पुसल्या, दोन शिव्या हासडल्या. घटक सापडेना.

"हातानं लिवा की नावं," सुमनबाई म्हणाल्या.

हातानं ते सकाळभरात झालं असतं. पण लेकीला फोन लावायला इतकं चांगलं कारण दोन वर्षांत मिळालं नव्हतं.

"न्हाय. तिला इचार."

"कुणाला?" सुमनबाईंनी मुद्दाम विचारलं.

"तिलाच."

सुमनबाईंनी फोन स्पीकरवर टाकून शेजारच्या त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. चैतालीनं सगळं ऐकून घेतलं. "आई, लिबरऑफिसातला बेस नावाचा भाग टाकायचा राहिलाय. तक्ता त्याच्यातूनच जोडला जातो. त्यांना म्हण, टर्मिनल उघडा, ती हुकूम टाईप करायची काळी खिडकी."

"आवं, ती म्हणतीय टर्मिनल उघडा."

वाक्य आण्णांच्या कानात आधीच पोचलं होतं, पण सुमनबाईंनी म्हणेपर्यंत ते हलले नाहीत. "तिला म्हण, उघडलं."

"उघडलं म्हणतेत."

मग चैताली एकेक इंग्रजी अक्षर सांगायला लागली आणि सुमनबाई ते आपल्या पद्धतीनं पुढं ढकलायला लागल्या. त्यांच्या तोंडून काहीही येवो, पडद्यावर उमटायचं ते चैतालीनं सांगितलेलंच.

शेवटी मशीननं पासवर्ड मागितला. आण्णांनी तो टाकला तर पडद्यावर काहीच उमटेना. ना अक्षर, ना टिंब. कार्बनखालच्या शेवटच्या प्रतीवरही अक्षर उमटवणाऱ्या माणसाला हे कसं पटावं? कळ चिकटली असेल म्हणून त्यांनी जोरात मारली, मग आणखी जोरात. पासवर्ड चुकला. पुन्हा तेच. सगळी खटाखट फोनमधून पुण्याला जात होती.

"आण्णा, हळू," चैताली म्हणाली. "दिसत न्हाय ते. पण आत जातंय."

निरोप पुढं सांगायला सुमनबाईंनी तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. आण्णांचे हात कळांवर तसेच राहिले. ही हाक ऐकायला त्यांचा जीव किती तळमळला होता, हे त्यांनी आजवर स्वतःलाही कबूल केलं नव्हतं. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले आणि एकेक कळ अलगद दाबत पासवर्ड टाकला. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. बेस बसला, तक्ता जोडला गेला, आणि प्रिंटरनं कुरकुरत वस्तीतल्या द्वारकाबाईंच्या नावाची पहिली चिठ्ठी बाहेर टाकली.

"निघाली का?" चैतालीनं विचारलं.

"निघाली," आण्णा म्हणाले.

"मग ठेवू?"

"थांब. अजून काय तरी बिघडलंय."

"काय बिघडलंय?"

आण्णांनी पडदा वरून खालपर्यंत पाहिला. सगळं ठीकठाक होतं.

"पौर्णिमेला ये," ते म्हणाले. "तुझ्याबिगर घर लई सुनं लागतंय. दोघं या."



"दोघं म्हंजे कोण, आण्णा?"

आण्णांनी सुमनबाईंकडं पाहिलं. मघापासून सगळं इकडून तिकडं पोचवणारी बाई आता खुशाल चिठ्ठ्यांच्या घड्या घालत बसली होती.

"कृष्णराजला घिऊन ये," आण्णा म्हणाले.

"इथंच बसलेत ते," चैताली म्हणाली. "मघापासनं. ऐकलंय त्यांनी."