पत्र्याचं विमान

मी खापर गावी शाळामास्तर होतो, तेव्हा तिथल्या बाजारात एक माणूस विजेचं यंत्र घेऊन यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. हवा दमट असली की यंत्र रुसे, म्हणून भर थंडीतही तो अंगावरची शाल यंत्राच्या काचेच्या तबकड्यांना गुंडाळी आणि स्वतः कुडकुडत बसे. ऊन तापलं की हँडल फिरवी. मग यंत्राला जोडलेल्या खिळ्यावर तोललेलं पत्र्याचं एक विमान गोल फिरू लागे. त्याला फिरता पंखा नव्हताच. मागे नुसत्या टोकदार तारा, त्यांच्या टोकांतून विजेचा वारा सुटे. लोक वाकून वाकून दोरा शोधत.

"हात धरा. तारमाईन वारा लागी ऱ्हायना का?" तो विचारी. वारा खरंच लागायचा.

एकदा पुढ्यात बसलेल्या एका म्हातारीनं तारांमागे हात तसाच धरून विचारलं, "मन्हा पोऱ्या सुरतले शे. हाई इमान त्याले आनी का?"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही.

"आते ते सोतालेच कसंबसं वढी ऱ्हायनं, माय," तो म्हणाला. "जोर वाढना का मंग आनी त्याले."

विजेच्या वाऱ्यावर कधी माणसं उडतील की नाही, मला ठाऊक नाही. त्या दिवशी विमान थांबल्यावर त्यानं बोटानं त्याचं नाक हळूच सुरतेकडे वळवलं, आणि म्हातारी उठेपर्यंत तसंच धरून ठेवलं.