फेसाखालची साखर

“म्हणजे मी माझ्याच लेकाच्या जिवावर उठले, असंच ना?”

“तसं मी म्हटलं नाही, आई. त्यांच्या कॉफीत चोरून साखर घालत होतात, एवढंच म्हटलं.”

“आणि परवा दुकानात तो कोसळला, तेव्हा शेजारच्या चष्मेवाल्यानं तोंडात काय घातलं? साखरेनंच वाचला ना?”

सुनेनं नळ बंद केला. मिक्सरचं भांडं तिच्या हातात तसंच राहिलं. “रक्तातली साखर उतरली म्हणूनच कोसळले ते. तुमच्या साखरेमुळे तपासणीत आकडा चढला, डॉक्टरांनी गोळी वाढवली. तुम्ही बहिणीकडे गेलात. वाढलेली गोळी पोटात, आणि वर साखर नाही.”

म्हातारी कालच परतली होती. येताच तिनंच विचारलं होतं, “माझ्या हातचं गोड नव्हतं, कॉफी घशाखाली उतरली का रे?” तिथून हे सगळं बाहेर आलं.

तिचं उभं आयुष्य एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गेलं. चहात साखर टाकताना ठेकेदाराचा हात आखडायचा. त्याची पाठ वळली की ही नवशिक्या कामगारांच्या कपात एक चमचा सरकवायची. सगळे तिला मावशी म्हणत. नवरा लवकर गेला. त्याच हातानं तिनं मुलगा वाढवला. फिकं देणं म्हणजे तिच्या लेखी उपाशी ठेवणं.

दर उन्हाळ्यात घरात गार कॉफी व्हायची ती सायीच्या दुधाची, वर आइस्क्रीमचा गोळा. यंदा मुलाला मधुमेह निघाला आणि सुनेनं रीतच बदलली. काळी कॉफी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायची, त्यात साय काढलेलं दूध, चिमूटभर दालचिनी, आणि मिक्सर लवकर थांबवायचा नाही. फेस असा चढायचा की थोड्या दुधातही ग्लास काठोकाठ दिसे.

“हवा पाजतेस की गं त्याला,” म्हातारी म्हणाली होती. पण ग्लास नेऊन द्यायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं. गारात साखर विरघळत नाही, हे तिला कोण शिकवणार? ती आधीच दाट पाक करून ठेवायची आणि फेसाखाली सोडायची. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

घड्याळं दुरुस्त करणारा तिचा मुलगा कॉटवर बसून ऐकत होता. “उद्या डॉक्टरांना सांगू, त्या दिवशी जेवण चुकलं. विषय संपला.”

“म्हणजे खोट्यावर पुन्हा गोळी ठरणार,” सून म्हणाली.

“मग काय, आईला तिथं उभी करू?”

“अहो, तुम्हाला गोड लागत नव्हतं?”

तो खाली बघत म्हणाला, “लागायचं. पहिल्या दिवसापासून.”

म्हातारी चमकली. “तुला कळत होतं?”

“तू ग्लास संपेपर्यंत समोर बसायचीस, आई. तोंड वळवून उठवेना.”

म्हातारी खुर्ची ओढून बसली, गुडघे चोळले, पुन्हा उठली.

“उद्या डॉक्टरांकडे मी येणार आहे. साखर कोण घालत होतं, किती घालत होतं, ते मी सांगणार. तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही.”