नुसतं ‘जा’ म्हणू नये
विभूतीचा कोरडा वास आला की सोलापूरच्या घराचं दार आठवतं. आई अक्कलकोटची, कानडी. बाहेर निघणाऱ्याला ती “होगि बा” म्हणायची, म्हणजे जाऊन ये. “नुसतं जा म्हणू नये की, माणसाला परत यायचं असतंय.” ती वारली त्या दुपारी लिंगायत रीतीप्रमाणे कपाळभर विभूती लावून, फुलांच्या खुर्चीत बसवून तिला बाहेर काढलं. उंबऱ्याशी वडील सवयीनं म्हणाले, “होगि बा.” सगळे थबकले. मावशी हळूच म्हणाली, “दाजी, आता नुसतं जा म्हणायचं.” वडील “व्हय” म्हणाले, पण तो शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही. मला रडूही आलं नाही. आता मी कामावर निघालो की ते दारापर्यंत येतात, काहीच म्हणत नाहीत. मी उगीच थोडा वेळ चपला घालत राहतो.