बाबांच्या तीन बायका

गेल्या वर्षी साधारण चार महिने माझ्या बाबांना तीन बायका होत्या. त्यातल्या दोन म्हणजे माझी आई आणि तिसरी म्हणजे माझी बायको. ही परिस्थिती मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता निर्माण केली होती.

आधी माझी लायकी सांगतो. मी एका विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. लोकांनी भरलेले फॉर्म वाचायचे, त्यातली चूक हुडकायची आणि लाल शेरा मारून परत पाठवायचे, हे माझं वीस वर्षांचं काम. माझ्या टेबलावरून फॉर्म पहिल्या फेरीत पास झाला तर लोक पेढे वाटतात. (एकाने खरंच वाटले होते. मी पेढा खाल्ला आणि त्याच्या पुढच्या फॉर्मवर शेरा मारला.) त्यामुळे बाबांच्या कागदांचं काम निघालं तेव्हा मी कॉलर ताठ करून म्हणालो, "बाबा, माझ्यावर सोडा!" हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

बाबा म्हणजे हवालदार दत्ताराम परब, निवृत्त, वय एक्क्याऐंशी. अठरा वर्षं फौजेत काढली, निम्मी बर्फात आणि निम्मी वाळवंटात. लालबागची आमची चाळ पाडून टॉवर उभा राहिला, आम्ही दोन खोल्यांतून अकराव्या मजल्यावर गेलो, पण बाबा अजून साडेपाचला उठतात, दाढी करतात, बुटांना पॉलिश करतात आणि मग कोथिंबीर आणायला जातात. मार्केटमध्ये त्यांना सगळे 'हवालदारसाहेब' म्हणतात. मला त्यांचा फार अभिमान आहे. हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या मजकुरात अभिमान वाटावा असं मी स्वतः काहीही केलेलं नाही.

तर बाबांना पेसमेकर बसला. हॉस्पिटलमधून घरी आल्याआल्या त्यांनी पलंगाखालची लोखंडी ट्रंक ओढली, फौजेचे कागद काढले आणि चष्मा लावून वाचत बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "हिचं नाव चुकलंय."

फौजेच्या रेकॉर्डवर बाबांच्या पत्नीचं नाव होतं सुनंदा. आईच्या आधार कार्डावर, रेशन कार्डावर, बँकेच्या पासबुकावर, सगळीकडे शेवंती.

"सुनंदा मीच," आई लसूण सोलता सोलता म्हणाली. "लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीने लिहिलं होतं ना! नाव वन्संनी काढलेलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळाचा मी भात केला, सगळ्यांनी खाल्ला. संपलं नाव."

आई मागच्याच चाळीतली. सगळी चाळ तिला परकरात असल्यापासून शेवंती म्हणत आलेली, ती कशाला बदलतेय? पण बाबा लग्नानंतर आठव्या दिवशी ड्युटीवर परतले आणि शिस्तीच्या माणसाप्रमाणे त्यांनी पलटणीत नोंद केली: विवाह झाला, पत्नी सुनंदा. इकडे चाळीत शेवंती नांदत होती, तिकडे रेकॉर्डमध्ये सुनंदा. दोघींचं एकमेकींशी कधी भांडण झालं नाही.

"पंचावन्न वर्षं कुणाचं काही अडलं नाही," आई म्हणाली, "आता कशाला उपद्व्याप?"

"मी आहे तोवर नाही अडणार," बाबा म्हणाले. "उद्या मी नसलो की तू पेन्शनच्या खिडकीवर उभी राहशील आणि आतला माणूस म्हणेल, पेन्शन सुनंदाबाईंची आहे, आपण कोण? या वयात दारोदार सांगत फिरणार आहेस, मी ह्यांची बायको होते म्हणून? मला ते नाही चालायचं."

आई उठली आणि तिने दुपारी दीड वाजता चहा टाकला. आमच्या घरात याहून जास्त प्रेम उघड्यावर व्यक्त करत नाहीत.

मी कामाला लागलो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रात नोटीस आणि पतिपत्नीचा जोडफोटो, एवढंच लागत होतं. आमच्या ऑफिसच्या हिशेबाने अगदीच किरकोळ. नोटिशीचा मजकूर मी स्वतः लिहिला, कारण वकील फार पाल्हाळ लावतात. मी थोडक्यात आणि नेमकं लिहिलं: 'मी, दत्ताराम परब, जाहीर करतो की माझी पत्नी यापुढे सुनंदा नसून शेवंती आहे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.'

संबंधितांनी नोंद घेतली! सकाळी सात वाजता घोडपदेवहून आत्याचा फोन.

"नित्या, दत्ता कुठाय? फोन दे त्याला!"

"आत्या, बाबा खाली गेलेत. काय झालं?"

"काय झालं? एक्क्याऐंशीव्या वर्षी सुनंदेला टाकली त्याने आणि वर पेपरात छापतो? ही शेवंती कोण मेली?"

"अगं, शेवंती म्हणजे आईच!"

"मला शिकवू नकोस! तुझी आई सुनंदा. मी ठेवलंय ते नाव!"

जगात आईला सुनंदा म्हणणारी आत्या एकटीच, हे मी विसरलोच होतो. दुपारपर्यंत ती टॅक्सी करून लालबागला आली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग नाव बदलल्याबद्दल तिच्याशीच भांडली. बाबांना खाली वॉचमनने हळूच बाजूला घेऊन 'मुबारक हो, साहब' म्हटलं. बाबा वर येऊन फक्त एवढंच म्हणाले, "नितीन, पुढचं नीट कर."

पुढचं म्हणजे फोटो. लालबागच्या पुलाजवळच्या स्टुडिओत मी आईबाबांना घेऊन गेलो. बाबांनी ब्लेझर घातला, त्यावर मेडल्स लावली. आईने हिरवी पैठणी नेसली. दोघं शेजारी बसली तेव्हा फोटोग्राफरसुद्धा क्षणभर कॅमेऱ्यामागून बाहेर येऊन बघत राहिला. माझी बायको प्राची सोबत होती, आणि तिच्या आईला आमचा नवा फोटो हवाच होता, म्हणून आम्ही दोघांनीही काढून घेतला. चार दिवसांनी दोन पाकिटं मिळाली, एकसारखी. त्यातलं एक मी न उघडता अर्जाला स्टेपल केलं. (वीस वर्षं स्टेपल करतोय. हात आपोआप चालतो.)

महिन्याभराने रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. बाबांनी ते उभं राहून वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं आणि हाक मारली, "प्राची, जरा ये गं बाळा. तुझं माझ्याशी लग्न झालंय."

पत्रात अतिशय सभ्य भाषेत लिहिलं होतं की फोटोतले अर्जदार एक्क्याऐंशी वर्षांचे वाटत नाहीत, सोबतची महिला नोंदीपेक्षा फारच तरुण आहे, तरी सदर महिला सुनंदा, शेवंती की तिसरीच कुणी, याचा खुलासा व्हावा! शिवाय सुनंदा आणि शेवंती एकच, याचा पुरावा जोडावा.

"चालेल की, बाबा," प्राची जराही न हसता म्हणाली. "तुम्ही निदान चहाचा कप विसळून ठेवता."

आई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबांनी माझ्या फोटोकडे बघून विचारलं, "मी इतका जाड कधी होतो रे?" आयुष्यात पहिल्यांदा माझा फॉर्म परत आला होता आणि घरात कुणाला त्याचं दुःख नव्हतं.

मी जिद्दीला पेटलो. पुरावा पाहिजे ना? ट्रंकेत आईने फौजेत पाठवलेली पत्रं होती, दोरीने बांधलेली, शेकड्यांनी. बाबांनी प्रत्येक बदलीत ती सोबत नेली होती. एखाद्या पत्राखाली आईने 'शेवंती' लिहिलं असेल तर काम फत्ते! मी रविवारभर पत्रं वाचली. पाणी येत नाही, ताई चालायला लागली, सासूबाईंचा गुडघा बरा आहे, इकडची काळजी करू नये. आणि प्रत्येक पत्राखाली एकच सही: 'आपली, सौ.'

"आई! एकाही पत्रात तुझं नाव नाही?"

"नाव कशाला घालेल ती?" आईच्या आधी बाबाच म्हणाले. "कोण लिहितंय ते मला ठाऊक नव्हतं का?"

शेवटी मी अर्ज दुसऱ्यांदा भरला, फोटो तीन वेळा तपासून लावला आणि आईबाबांना घेऊन माजी सैनिकांच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब स्वतः निवृत्त सुभेदार, साताऱ्याकडचे. बाबांनी कडक सॅल्यूट ठोकला, त्यांनी उठून घेतला. मग त्यांनी आईकडे वळून विचारलं, "वहिनी, दोन प्रश्न विचारतो, मग शिफारस लिहितो. यजमानांचं नाव सांगा."

आई गप्प.

"वहिनी?"

आई गप्पच! आईने जन्मात बाबांचं नाव घेतलेलं नाही. 'अहो', 'ऐकलंत का' आणि 'हे', यावर पंचावन्न वर्षांचा संसार झालेला! मी खुणा करू लागलो, तिच्या कानाशी लागलो, "आई, घे ना एकदाच, पेन्शनचा प्रश्न आहे!" साहेबांनी मला डोळ्यांनीच खाली बसवलं.

"नाव नाही घेत मी," आई शांतपणे म्हणाली. "नंबर सांगू?"

आणि तिने बाबांचा फौजेतला नंबर सांगितला. सगळे आकडे, मग हुद्दा, मग कंपनी, मग पलटण, कुठेही न अडखळता, शाळेत उभं राहून पाढा म्हणावा तसा. साहेबांनी माझ्या फॉर्मवर बोट ठेवलं. "इथे मधले दोन आकडे वेगळे आहेत."

"मग तिथे चुकलंय," आई म्हणाली.

बाबांचं फौजेतून सुटतानाचं पुस्तक उघडलं गेलं. आई बरोबर होती. मी, वीस वर्षं लोकांच्या आकड्यांखाली लाल रेघ ओढणारा, समोर पुस्तक ठेवून नंबर चुकीचा उतरवला होता!

"लग्नापासून हे सुटून येईपर्यंत आठवड्याला एक पत्र घातलं, साहेब," आई सांगत होती. "नंबर चुकला असता तर ह्यांचं पत्र दुसऱ्याच कुणाच्या हातात पडलं असतं. मग ह्यांना काय वाटलं असतं, घरून पत्र नाही आलं म्हणून?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आमच्या मंडळींनाही माझा नंबर पाठ होता," ते म्हणाले, आणि शिफारशीचा कागद पुढे ओढत, "बरं. नाव कोणतं लावायचं?"

"शेवंती," बाबा म्हणाले.

माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या आयुष्यात बाबांच्या तोंडून आईचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "मला पहिल्यापासून तेच आवडायचं," ते पुढे म्हणाले, "पण अंगठी हातात देताना कुणी विचारलं कुठं?" आई खाली बघून पदराचं टोक नीट करत राहिली. तिचे कान लाल झाले होते. मला दोघांचा असा काही अभिमान वाटला की मी उगीचच खोकलो.

साहेबांनी फॉर्मवरचा नंबर स्वतःच्या हाताने दुरुस्त केला, शिफारस लिहिली, शिक्का मारला आणि मग माझ्याकडे बघितलं. "आणि आपण?"

"मी मुलगा!" मी ताठ बसलो. "सगळं पेपरवर्क मीच केलंय."

साहेबांनी कागद वर केला, खाली केला. "रेकॉर्डला पत्नी आहे, एक मुलगी आहे. मुलगा नाही."

मी बाबांकडे बघितलं. "तू मी सुटून आल्यावर झालास," बाबा म्हणाले. "कळवायचं राहिलं."

दीड महिन्यात दुरुस्तीचं पत्र आलं. बाबांना आता कागदोपत्री एकच बायको आहे, शेवंती. आत्या अजून सुनंदाच म्हणते. माझं नाव चढवायचाही एक फॉर्म आहे. मी तो घरी आणलाही, पण आईने माझ्या हातातून काढून घेतला आणि कपाटावर, माझा हात पोचणार नाही अशा जागी ठेवला. तो भरायला दिवाळीत ताई येणार आहे.